साहेब, ते थोटूक समुद्रात पडलं नाही

नवव्या डेकवर, आमच्या डोक्यावर, एक केबिन पुढे राहणारे साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. आवाज मात्र पाठ झाला आहे. फ्लोरिडाहून निघालेल्या त्या कॅरिबियन सफरीत तुम्ही रोज संध्याकाळी जेवणाआधी बाल्कनीत यायचात. लायटरचा खटका वाजायचा आणि धूर खाली आमच्याकडे उतरायचा. एकदा तुमच्या सोबतच्या बाई म्हणाल्या, "अहो, इथे ओढायची नाही असं लिहिलंय." त्यावर तुम्ही म्हणालात, "बाल्कनीचे पैसे मोजलेत आपण. आणि समुद्रात टाकतोय, कुणाच्या घरात नाही." अगदी स्वच्छ मराठीत. म्हणून हे पत्रही मराठीत लिहिते आहे. समजलं नाही असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

तर साहेब, ते सिगारेटचं थोटूक समुद्रात पडलं नाही. माझ्या आईच्या आरामखुर्चीत पडलं.

ही खुर्ची आमच्यासाठी किती मोलाची होती ते आधी ऐकून घ्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पूलजवळच्या खुर्च्यांसाठी सकाळपासून टॉवेल टाकून जागा धरणाऱ्यांशी भांडणं तिला झेपत नाही, तिथला गोंगाटही सोसत नाही. तिला पाय लांब करून समुद्राकडे बघत पडून राहायचं होतं. बहुतेक बाल्कन्यांत दोन सरळ पाठीच्या खुर्च्या आणि एक बुटकं टेबल एवढंच मावतं. पाठ मागे कलणारी, पायांखाली आधार देणारी लांब खुर्ची हवी तर खोल बाल्कनी घ्यावी लागते, आणि तिचा दर वेगळा असतो. तो आम्ही भरला. म्हणजे पैसे आम्हीही मोजले होते, साहेब. पावती दाखवायचीच असेल तर माझ्याकडेही आहे.

त्या संध्याकाळी आई चहा घ्यायला आत आली. खुर्चीवर तिने पाठीखाली घेतलेला टॉवेल तसाच होता. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला म्हणून मी दार सरकवलं. टॉवेलच्या घडीत तुमचं थोटूक रुतून बसलं होतं. ज्वाला नव्हती. कडेने तपकिरी होत जाणारं वर्तुळ होतं, आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर उजळत होता. पाण्याचा जग उपडा केला. टॉवेल उचलला तर खाली खुर्चीच्या जाळीलाही भोक पडलेलं. सुपारीएवढं. जाळीचे धागे वितळून कडेला काळे, टणक मणी झाले होते. ते भोक नेमकं तिथे होतं, जिथे आईचे खांदे टेकतात.

खाली टाकलेली वस्तू सरळ खाली जाते, हा तुमचा समज घराच्या गच्चीवर खरा असेल. जहाज वीस नॉट्सने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरने चाललेलं असतं. तुम्ही हात कठड्याबाहेर काढून थोटूक सोडता, तेव्हा वारा त्याला मागे ढकलतो. जहाजाच्या अंगाला घासून जाणारी हवा प्रत्येक बाल्कनीच्या पोकळीपाशी आत वळते. थोटकाला वजन ते कितीसं? ते मागच्या आणि खालच्या कुठल्याही बाल्कनीत शिरू शकतं. जळती वस्तू बाहेर टाकू नका, ती परत आत येते, हे सफरीच्या सुरुवातीच्या सूचनांत सांगतात ते याचसाठी. तुम्ही तेव्हा बहुधा बुफेच्या रांगेत होतात.

आता एका जहाजाची गोष्ट सांगते. तुम्हाला ती माहीत असती तर तुमचा हात कठड्याबाहेर गेला नसता, असं मला अजूनही वाटतं.

२३ मार्च २००६. 'स्टार प्रिन्सेस' नावाचं जहाज ग्रँड केमनहून जमैकातल्या माँटेगो बेकडे चाललं होतं. तोच कॅरिबियन समुद्र, ज्यात तुम्ही थोटकं टाकत होतात. जहाज जुनाट नव्हतं, २००२ मध्ये सेवेत आलं होतं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून पावणेचार हजारांहून अधिक माणसं त्यावर होती. पहाटे तीनच्या सुमारास, बहुतेक प्रवासी झोपेत असताना, डाव्या अंगाच्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने चौकशी केली आणि सर्वांत संभाव्य कारण म्हणून नोंदवलं ते असं : कुणीतरी टाकलेलं, पुरतं न विझलेलं सिगारेटचं थोटूक.

पुढे जे झालं त्यात बाल्कनीतल्या वस्तूंचा मोठा हात होता. दोन बाल्कन्यांमधले पडदे पॉलिकार्बोनेटचे, जमिनीवरच्या फरशा पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या-टेबलं प्लास्टिकची. सगळं जळणारं, आणि जळताना दाट काळा धूर ओकणारं. भर वाऱ्यात आग एका बाल्कनीतून दुसरीत आणि एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर काही मिनिटांत चढली. बाल्कनीत ना धूर ओळखणारी यंत्रणा होती, ना पाण्याचे फवारे. ती खाजगी, उघडी, हवेशीर जागा. तिथे काय पेटणार, असंच सगळ्यांनी धरलेलं. उष्णतेने काचेची दारं फुटली आणि आग केबिनमध्ये शिरली. केबिनच्या आतलं सामान आगीला सहजी दाद न देणारं होतं आणि छतातून पाण्याचा फवारा सुटला, म्हणून ती पुढे कॉरिडॉरभर पसरली नाही. विझवायला सुमारे दीड तास लागला. ७९ केबिन जळून गेल्या, आणखी दोनशेहून अधिक केबिनचं आग, धूर आणि पाण्याने नुकसान झालं. धुराने गुदमरून एक प्रवासी गेला, तेरा जणांवर उपचार करावे लागले. त्या प्रवाशाने ती सिगारेट ओढली होती असं कुठे नोंदलेलं नाही. तो फक्त त्या जहाजावरचा एक प्रवासी होता.

या एका रात्रीनंतर जगभरच्या जहाजांचे नियम बदलले. समुद्रावरच्या सुरक्षिततेचा 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये तो पहिल्यांदा झाला. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्यात केबिनच्या बाल्कन्यांविषयी कलमं घातली गेली आणि १ जुलै २००८ पासून ती लागू झाली. आधी बांधलेल्या जहाजांनाही त्यातून सूट मिळाली नाही. बाल्कनीत आग ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे बसवा. नाहीतर तिथलं फर्निचर आगीचा धोका मर्यादित ठेवणारंच असलं पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे ज्या साध्या खुर्चीवर तुम्ही पाय पसरून बसता, तिच्यासाठीसुद्धा देशोदेशीच्या प्रतिनिधींनी बसून मजकूर ठरवला आहे. आज बाल्कनीत ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि ताणून बसवलेली जाळी दिसते, जाड फोमची गादी सहसा दिसत नाही. ती का नाही म्हणून रिसेप्शनवर तक्रार करणारी माणसं मी पाहिली आहेत. आईच्या खुर्चीची जाळी वितळली पण भडकली नाही. तुमच्यासारख्यांचा अंदाज घेऊनच कुणीतरी ती निवडली असणार. टॉवेलची निवड मात्र त्यांच्या हातात नव्हती. सुती टॉवेल, सुटलेला वारा आणि तुमचं थोटूक, एवढं पुरेसं असतं.

खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले, फरशा बदलल्या. कंपन्यांनीही एकामागून एक बाल्कनीतलं धूम्रपान बंद केलं. 'प्रिन्सेस'ने २०१२ च्या जानेवारीत, 'रॉयल कॅरिबियन'ने २०१४ च्या जानेवारीत, 'कार्निव्हल'ने त्याच वर्षी ऑक्टोबरात. तुम्ही तेवढे राहिलात बदलायचे.

"पैसे मोजलेत" हे तुमचं वाक्य मला अजून टोचतं. तुम्ही भाडं भरलंत ते त्या चौकोनातल्या हवेचं आणि देखाव्याचं. वर, खाली, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर माणसं राहतात. मधला पडदा म्हणजे एक पातळ फळी. बाई तुम्हाला हळू आवाजात बोलल्या तेही आम्हाला ऐकू आलं. अशा जागेत खाजगी काय असतं? मालकीची भाषा करायचीच असेल तर त्या थोटकाची मालकीही घ्या, ते विझेपर्यंत.

धूम्रपान करणाऱ्या माणसांशी माझं वैर नाही. माझे वडील जन्मभर बिडी ओढत. जहाजावर उघड्या डेकवर त्यासाठी जागा राखलेली होती, तिथे जड झाकणाची रक्षापात्रं होती, आडोसा होता, बसायला बाकही होते. तुमच्या मजल्यावरून लिफ्टने दोन मिनिटं. तुम्ही बुफेला दिवसातून तीनदा वर जात होतात. तेवढंच चालणं तिकडेही झालं असतं.

आणि समजा, वाऱ्याने तुमचं ऐकलं असतं आणि थोटूक खरंच समुद्रात पडलं असतं, तरी तुम्ही गुन्हेगारच होतात. सिगारेटच्या फिल्टरमध्ये कापूस दिसतो तो कापूस नसतो, सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक असतं. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कुठल्याही समुद्रात, किनाऱ्यापासून कितीही दूर.

जाता जाता तुमच्या खुर्चीविषयीही एक सांगते. बंदरात जहाज लागलं तेव्हा मी धक्क्यावरून वर पाहिलं. तुम्ही खुर्ची ओढून कठड्याला लावली होती आणि तुमचा नातू तिच्यावर उभा राहून हात हलवत होता. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने तिथल्या बंदरांतून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर कठडा किमान ४२ इंच उंच लागतो. खुर्ची खाली सरकवली की त्यातली जवळजवळ निम्मी उंची गेली. थोटकाचं एक वेळ विसरा, हे करू नका. पोरगा तुमचा आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले त्याच्याविषयी. आमच्या केबिनची देखभाल करणारा मुलगा मडगावजवळच्या एका गावातला होता. आईशी पहिल्याच दिवसापासून मराठीत बोलायचा, मधूनच कोंकणीत घसरायचा. आईने त्याला घरचे कोण कोण ते सगळं विचारून घेतलं होतं. गोव्यातली, कोकणातली, मुंबईतली हजारो मुलं अशी जहाजांवर राबतात. दहा-दहा तास, सुट्टीचा वार नाही, घरी नऊ-नऊ महिने तोंड दाखवता येत नाही. ती फक्त चादरी बदलत नाहीत. नोकरीवर चढण्याआधी त्यांना आग विझवण्याचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं, धुराने भरलेल्या खोलीत शिरण्याचा सराव करावा लागतो. आगीचा भोंगा वाजला की तुम्ही-आम्ही लाइफजॅकेट घेऊन जमायच्या जागी जातो आणि ही मुलं उलट्या दिशेने, कॉरिडॉरमधली केबिन न् केबिन ठोठावत, कुणी आत राहिलं नाही ना ते बघत जातात.

मी बोलावल्यावर तो आला. भोकाकडे बघितलं, टॉवेल उलगडला, आणि त्याचा चेहरा उतरला. एरवी सतत हसणारा मुलगा एक अक्षर बोलेना. त्याने आधी आमच्या बाल्कनीचा कोपरान् कोपरा हाताने चाचपला, खुर्चीखाली, टेबलामागे, पाणी निघून जायच्या भोकापाशी. मग डावी-उजवीकडच्या बाल्कन्या तपासायला माणसं बोलावली. सुरक्षा अधिकारी आले, फोटो काढले, थोटूक पिशवीत घालून नेलं. त्याच्याकडून जबाब लिहून घेतला. शेवटची फेरी कधी मारलीस, तेव्हा बाल्कनी पाहिलीस का, टॉवेल बाहेर का राहिला? टॉवेल आईने ठेवला होता हे मी तीनदा सांगितलं. रात्रीच्या जेवणाची त्याची सुट्टी त्यातच गेली. जायच्या आधी तो आईला म्हणाला, "आजी, आता ह्या खुर्चीर बसू नका. मी दुसरी आणतो." दुसरी लांब खुर्ची जहाजावर शिल्लक नव्हती. सरळ पाठीची मिळाली, आणि उरलेली सफर आई तिच्यावर एक पाय उशीवर टेकवून बसली. तिने तक्रार केली नाही. मी करते आहे.

वरून कुणी टाकलं असं अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी वेळ सांगितली, दिशा सांगितली, मराठी आवाज ऐकल्याचंही सांगितलं. तुमच्या दारावर कुणी आलं होतं का ते मला कळलं नाही. आलं असेल तर बरंच झालं.

तुमच्याकडून मला खुर्चीची भरपाई नको, आईलाही नको. त्या मुलाला चार ओळी लिहा. मी टाकलं, तुझी चूक नव्हती, एवढंच. जहाजाचं नाव तुम्हाला माहीत आहे, आठवा डेक, डावी बाजू, आणि त्या तारखांना तिथे काम करणारा गोव्याचा मुलगा कोण, हे कंपनीला सहज सापडेल. पत्र त्याच्या वरिष्ठांनाही दाखवायला सांगा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, त्याला वाचता येतं.

— आठव्या डेकवरची एक प्रवासी