मतभेद आहेत

शिळफाट्याच्या टपरीवर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींत त्यांना सगळे फाल्गुनराव म्हणतात. 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाचा संशय बायकोवर, यांचा नाटककारांवर. कुठल्याही नाटकाचं नाव निघू द्या, हे बशीतला चहा फुंकत विचारणार, "पण ते लिहिलं कुणी?"

"देवलांनी. अजून कुणी?"

"हां. तसं छापलंय खरं."

हे ते अशा सुरात म्हणतात, की तलाठ्याला हाताशी धरून कुणीतरी सातबाऱ्यावर देवलांचं नाव चढवलं असावं. मग खुलासा येतो. 'संगीत संशयकल्लोळ' १९१६चं; त्याआधी तेच नाटक गद्यात, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' नावाने. ते मर्फीच्या नाटकावरून आणि मर्फीचं मोलिएरवरून. "थोडक्यात, मी मूळचा फ्रेंच!"

गावाच्या नावाचंही तेच. ठाणे-कल्याणकडे आणखी एक शिळफाटा आहे. आमच्याकडे निघालेला नवखा पाहुणा हटकून तिकडे उतरतो आणि तिथून फोन करतो. खोपोलीचा शिळफाटा तेवढा अस्सल, तिकडचा हा उत्तरकालीन प्रक्षेप, असं फाल्गुनरावांचं मत.

भास हा त्यांचा हक्काचा विषय. टी. गणपतिशास्त्र्यांनी १९१२पासून त्रिवेंद्रमहून तेरा संस्कृत नाटकं छापली आणि ती भासाची असल्याचं सांगितलं. पण एकाही नाटकाच्या सुरुवातीला कर्त्याचं नाव नाही! 'स्वप्नवासवदत्त' भासाचं, हे राजशेखरामुळे ठाऊक होतं; बाकीच्यांवर पंडितांनी वाद घातला. काहींच्या मते ही केरळच्या चाक्यार नटांनी प्रयोगासाठी बेतलेली रूपं. शंभर वर्षं उलटली तरी निकाल नाही. तेरा नाटकं आणि लेखक बेपत्ता, एवढं सुख फाल्गुनरावांना पेन्शनच्या तारखेलाही होत नाही.

त्यातलं 'चारुदत्त' चार अंकी, आणि 'मृच्छकटिका'चे पहिले चार अंक त्याच्याशी जुळतात. शिवाय 'मृच्छकटिका'च्या प्रस्तावनेतच लिहिलंय, की त्याचा कर्ता शूद्रक राजा शंभर वर्षं दहा दिवस जगला आणि अग्निप्रवेश करता झाला. "आता मला सांगा मास्तर, अग्नीत शिरलेला माणूस बाहेर येऊन प्रस्तावना लिहितो का?" मुद्दा बिनतोड आहे. दर आठवड्याला ऐकावा लागतो, एवढीच तक्रार.

आमचे हार्डवेअरवाले शेठ एकदा वैतागून म्हणाले, "कुणी का लिहिलं असेना, रॉयल्टी आता कुणालाच द्यायची नाही ना?"

या संशयाची एक खोड मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. तो वर चढत नाही. शेक्सपिअर निघाला की फाल्गुनराव उसळतात. "हातमोजे शिवणाऱ्याचा पोरगा! कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तो राजेरजवाडे लिहिणार? लिहिणारा तो ऑक्सफर्डचा सरदार."

"तो १६०४ साली वारला," आमच्यातले मास्तर म्हणतात. "'टेम्पेस्ट' त्याच्या नंतरचं."

"लिहून ठेवलं असेल."

पण हर्षवर्धनाची नाटकं धावक नावाच्या कवीने पैसे घेऊन लिहून दिली, अशी कुजबूज मम्मटाच्या टीकाकारांपासून आहे, म्हटलं की हेच फाल्गुनराव गंभीर होतात. "छे! सम्राट माणूस. त्याला काय कमी?"

आता हे स्वतः कारखान्यात टाइमकीपर होते. वडील बोरघाटात रेल्वेचे गँगमन. अशा घरातून आलेल्या माणसाने मोजेवाल्याच्या पोराला आधी मिठी मारायला हवी. पण तसं व्हायचं नाही.

गेल्या गणपतीत मंडळासाठी फाल्गुनरावांनी एकांकिका लिहिली. चांगली झाली, अगदी खरोखर चांगली. आणि तिथेच घात झाला. पडदा पडायच्या आत आळीत सुरू झालं, "हे यांचं नसणार हो. पुण्याच्या कुणा प्राध्यापकाने लिहून दिलं असेल." आम्ही धास्तावलो. आता हा माणूस हाय खाणार!

दुसऱ्या दिवशी फाल्गुनराव इस्त्रीचा झब्बा घालून आमच्या आधी टपरीवर हजर. मास्तरांनी चाचरत विचारलं, "का हो, ती एकांकिका नक्की..."

फाल्गुनरावांनी बशी खाली ठेवली, रस्त्याकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच मानाचं पान मिळाल्यासारखं हसले.

"मतभेद आहेत," म्हणाले.

त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले, असं ते सांगतात. शेठचं म्हणणं वेगळं आहे.