राहणाऱ्याला काय मिळते?

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्षाची बंधपत्रित सेवा टाळली, तर दंड १० लाख रुपये. पदव्युत्तर पदवीनंतर टाळली, तर ५० लाख. सुपरस्पेशालिटीनंतर टाळली, तर २ कोटी.

आता दुसरा आकडा बघा. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता द्यावा, असा महाराष्ट्राचा शासन निर्णय आहे. तारीख ६ ऑगस्ट २००२. त्याला मर्यादाही घातली होती. किमान २०० रुपये, कमाल १,५०० रुपये.

जो गेलाच नाही त्याच्यासाठी लाखाची आणि कोटीची भाषा. जो गेला, राहिला, त्याच्यासाठी दीड हजार. दुर्गम भागातल्या दवाखान्यांना कुलूप का लागते, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. पळणाऱ्याला अडवायचा विचार सरकारने खूप केला. टिकणाऱ्याला सांभाळायचा केला नाही.

दीड हजाराची ती कमाल मर्यादा जरा नीट तपासू. १५ टक्क्यांनी १,५०० होतात ते मूळ वेतन १० हजार असेल तेव्हा. २००२ साली १० हजार मूळ वेतन असणारा माणूस मोठा अधिकारी होता. म्हणजे त्या वेळी बहुतेकांना १५ टक्के पुरते मिळत. आज गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होते. त्याचे १५ टक्के ८,४१५ रुपये. जुनी मर्यादा लावली की हाती १,५००, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. टक्केवारी कागदावर शाबूत राहते आणि भत्ता संपतो. त्याच निर्णयातला दुसरा लाभ, एकस्तर वरिष्ठ वेतनश्रेणीचा, त्या मानाने खूप मोलाचा. कारण तो वेतनश्रेणीला बांधलेला आहे, पगाराबरोबर तोही वाढतो. धडा सरळ आहे. प्रोत्साहन रुपयांत गोठवू नका, वेतनाला बांधा.

भत्ता गोठवण्याइतकेच वाईट दुसरे एक काम आपण केले आहे. ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी कचेरीत ऐकू येते. कोणी चूक केली, कोणी साहेबांशी भांडले, कोणी पुढाऱ्याचे ऐकले नाही की बदली गडचिरोलीला, मेळघाटात, नंदुरबारला. शिक्षेची बदली! ज्या जिल्ह्याचा वापर सरकारच तुरुंगासारखा करते, तिथे हुशार डॉक्टर आनंदाने येईल कसा? आणि तिथल्या आदिवासी बाईने काय गुन्हा केला, की तिच्या बाळंतपणाला शिक्षा भोगणारा माणूस पाठवायचा? भत्ता दुप्पट करण्याआधी ही प्रथा बंद करा. त्याला एक पैसा लागत नाही.

मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालू आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच सुनावणीत न्यायालयाला सरकारला सांगावे लागले की, अशा भागात जाणाऱ्या डॉक्टरांना जास्त पगार द्यायला हवा. इतकी साधी गोष्ट न्यायालयाने का सांगावी? धारणी आणि चिखलदऱ्याचे हाल मंत्रालयाला ठाऊक नाहीत असे नाही. पाहणी झाली, समित्या झाल्या, दौरे झाले. पगाराची ओळ तेवढी लिहायची राहिली.

प्रोत्साहनाचे दोन प्रकार असतात, आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक माणसाला खेड्यात आणते. दुसरे त्याला तिथे टिकवते. डॉक्टरला आणणारे सगळ्यात मोठे आमिष रोख रकमेचे नाही, पदव्युत्तर जागेचे आहे. दुर्गम भागात सेवा केल्यास प्रवेश परीक्षेत वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के अधिक गुण, अशी तरतूद वैद्यकीय परिषदेच्या नियमात होती. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पदव्युत्तर जागा राखून ठेवता येतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी दिला. महाराष्ट्रानेही २० टक्के जागांचा कोटा २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला. हे चांगले झाले. तरुण डॉक्टर यासाठी खरोखर खेड्यात येतात.

पण येतात ते जाण्यासाठी. जागा मिळाली की प्राथमिक आरोग्य केंद्राची खुर्ची रिकामी. शिकून परत त्याच तालुक्यात येतील, अशी वाट आपण बांधलीच नाही. म्हणून देशभरच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर विशेषज्ञांची तूट २०२१-२२ च्या केंद्राच्या आकडेवारीत जवळपास ८० टक्के होती. शस्त्रक्रियेचे टेबल आहे, दिवा आहे, सर्जन नाही. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन नाही. बाई अडली की गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तेव्हा तिला न्यायचे कुठे?

टिकवणारे प्रोत्साहन वेगळे असते. ते वर्षागणिक वाढावे लागते. पहिल्या वर्षी थोडे, तिसऱ्या वर्षी अधिक, पाचव्या वर्षी भरघोस. तीन वर्षे राहिलेल्या डॉक्टरला गाव ओळखू लागते, माडिया किंवा कोरकू बोली त्याच्या कानाला सरावते, कुठल्या पाड्यावर कोणाचे दिवस भरत आले हे त्याला माहीत असते. नेमक्या त्याच वेळी आपण त्याला सांगतो की, तुमचा काळ पूर्ण झाला, आता पसंतीच्या ठिकाणी बदली मागा. पसंतीची बदली हा त्याचा हक्क आहे, तो राहू द्या. पण ‘मी इथेच राहतो’ म्हणणाऱ्यालाही काहीतरी मिळाले पाहिजे. आज त्याला मिळते ते कौतुक आणि सत्काराचा नारळ.

आता ज्यांच्याकडे लोकांचे लक्षच जात नाही त्यांच्याकडे वळू. आदिवासी भागात नवसंजीवन योजनेखाली पाड्यापाड्यांवर फिरणारे भरारी पथकाचे डॉक्टर आहेत. बहुतेक बीएएमएस. त्यांना म्हणतात मानसेवी वैद्यकीय अधिकारी. कायम डॉक्टर जिथे जायला तयार नव्हते तिथे हे गेले, पावसाळ्यात चिखल तुडवत गेले. त्यांचे मानधन कित्येक वर्षे २४ हजार होते, मग झगडून ४० हजार झाले. ना निवृत्तिवेतन, ना बढती, ना उद्याची खात्री. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी नर्स, तंत्रज्ञ, औषधनिर्माते यांचीही तीच कथा. १० वर्षे झालेल्यांना सेवेत सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर माणूस घर बांधत नाही, मुलाला गावच्या शाळेत घालत नाही. तो बॅग भरून ठेवतो. खात्री हेच सगळ्यात मोठे प्रोत्साहन आहे आणि ते द्यायला सरकार सगळ्यात जास्त कचरते.

आणि आशाताई. बाळ जन्मले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जायचे. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचा, आईला अंगावर पाजायला शिकवायचे. या सगळ्या फेऱ्यांचा मिळून केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. एका भेटीला ४० रुपयांच्या आसपास. घर शेजारच्या आळीत असो की दोन ओढे ओलांडून डोंगरावरच्या पाड्यात, दर तोच.

हे काम किती मोलाचे आहे हे जगाला दाखवले ते गडचिरोलीनेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे घरोघरची नवजात सेवा राष्ट्रीय कार्यक्रम झाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला. सन्मान झाला, फोटो झाले. मानधनासाठी मात्र २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. वाढीचे आश्वासन मिळाले, आदेश निघेना, म्हणून जानेवारीत पुन्हा संप आणि मग आझाद मैदान. २०२४ च्या मार्चमध्ये ५ हजारांची वाढ मंजूर झाली. जी बाई गाव सोडून कधीच जाणार नाही, तिला टिकवण्यासाठी सरकार खर्च करत नाही, कारण ती जाणार नाही हे सरकारला माहीत आहे. तिच्या निष्ठेचा हा गैरफायदा आहे. याला दुसरे नाव नाही.

‘सेवाभाव पैशाने विकत मिळतो का?’ असे विचारणारे लोक नेहमी भेटतात. ते हेमलकशाच्या प्रकाश आमटेंचे नाव घेतात, मेळघाटातल्या बैरागडच्या कोल्हे दांपत्याचे नाव घेतात. या माणसांपुढे मीही हात जोडतो. पण त्यांचा त्याग हे सरकारचे धोरण होऊ शकत नाही. आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. तेवढ्या केंद्रांना पुरतील इतके प्रकाश आमटे कुठून आणायचे? आरोग्य केंद्र साध्या माणसांवर चालते. ज्यांना आईवडील आहेत, कर्जाचा हप्ता आहे, पहिलीतली मुलगी आहे, अशा माणसांवर. त्यांनी जास्त पगार मागितला तर ते लोभी ठरत नाहीत. मुंबईतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आपण कधी विचारतो का, की भत्ते कशाला घेता, सेवाभाव नाही का?

इतरांनी काय केले आहे ते पाहा. छत्तीसगडने ग्रामीण वैद्यकीय दल उभे केले, आरोग्य केंद्रांची अवघडपणानुसार वर्गवारी केली आणि जितके दुर्गम तितकी जास्त रक्कम ठरवली. ओडिशाने २०१५ मध्ये रुग्णालयांचे व्ही-० ते व्ही-४ असे पाच गट केले आणि त्यानुसार अधिकचे पैसे दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितले की, पैसा हवा, पण जोडीला घर, बढतीची वाट, पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ आणि मुळात खेड्यातलीच मुले निवडून त्यांना डॉक्टर, नर्स करणे हवे. आपल्याकडे मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा, मग घरभाडे भत्ता, असे फर्मान आहे. ठराव मागा, हरकत नाही. पण आधी न गळणारे क्वार्टर द्या, नळाला पाणी द्या, रात्रपाळीच्या नर्सच्या दाराला कडी द्या.

किती खर्च येईल? साधा हिशेब करू. अतिदुर्गम भागातल्या ५०० डॉक्टरांना महिना ३० हजार जादा दिले, तर वर्षाला १८ कोटी. १० हजार नर्स, आरोग्यसेविका आणि तंत्रज्ञांना महिना ३ हजार जादा दिले, तर ३६ कोटी. एकूण ५४ कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. पैसे नाहीत, हे कारण कोणी सांगू नये.

तेव्हा येत्या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांनी पाच गोष्टी लेखी द्याव्यात. एक, प्रोत्साहन भत्त्यावरची रुपयांतली कमाल मर्यादा कायमची रद्द. दोन, केंद्रांची दुर्गमतेनुसार यादी आणि वाढत्या वर्षांबरोबर वाढती रक्कम. तीन, हे पैसे डॉक्टरबरोबर नर्स, तंत्रज्ञ, चालक, आशा सगळ्यांना, कारण एकटा डॉक्टर बाळंतपण करत नाही. चार, लाभ फक्त प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्याला. पद भामरागडचे आणि प्रतिनियुक्ती शहरात, अशा माणसाला एक रुपयाही नाही. पाच, रक्कम पगाराबरोबर, दर महिन्याला. सहा महिने थकलेले प्रोत्साहन कोणाला प्रोत्साहन देत नाही, ते माणसाला राजीनाम्याकडे ढकलते.

आणि आमदारांनी एक प्रश्न विचारावा. बंधपत्राच्या दंडाचे आजवर जमा झालेले पैसे कुठे आहेत? सेवा टाळणाऱ्यांनी जे पैसे भरले, त्यांच्यावर पहिला हक्क सेवा न टाळणाऱ्यांचा आहे. ते थेट मेळघाट, भामरागड आणि अक्राणीतल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा करा. त्यासाठी नवा कायदा नको, समिती नको. वित्त विभागाची एक सही पुरते, आणि ती घेतल्याशिवाय अधिवेशन संपू देऊ नका.