दमत कसा नाय हा?

पावसाळ्यात नाटे गावात बसून संगीत करायचं म्हटलं, तर पहिली अडचण शांततेची. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. जैतापूरच्या खाडीकाठचं गाव, यशवंतगडाचे बुरूज, जवळच मुसाकाजीचं बंदर आणि आंबोळगडचा किनारा. इथे शांतता नसेल तर मग असणार कुठे? पण माइकला पर्यटकाचे कान नसतात. त्याला बेडूक ऐकू येतात, रातकिडे ऐकू येतात, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या ऐकू येतात, आणि शेजारचा कोंबडा तर पहाट कधी होते याबद्दल स्वतंत्र मतं बाळगून आहे. माझ्या एका तरल बासरीच्या तुकड्यात तो इतक्या अचूक जागी आरवलाय की समेवर आलाय. तो मी काढला नाही. काढला असता तर तुकड्यात काही उरलं नसतं.

माझा स्टुडिओ म्हणजे घराचा माळा. भिंतींना गोधड्या टांगल्यात, त्यामुळे आवाज घुमत नाही आणि थंडीत पाहुणे आले की स्टुडिओ बंद होतो. एक लॅपटॉप, एक दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, कानात हेडफोन. खालून घरच्यांना नुसती बटणं दाबल्याची टकटक ऐकू येते. तास-दीड तास माणूस डोळे मिटून मान हलवतो आणि आवाज काही येत नाही, यावर घरात चर्चा झालेली आहे. निष्कर्ष मला कळवलेला नाही.

खरं म्हणजे कोकणात हौसेला संगीत करणं ही नवलाची गोष्टच नाही. चोरून करणं ही आहे. इथे प्रत्येक वाडीला भजनी मंडळ असतं. बुवा पेटी घेऊन बसतात, मृदुंगमणी मृदुंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावून तयार, मागे झांजा आणि कोरस. दिवसा हीच मंडळी आंब्याच्या कलमात, होडीवर नाहीतर एसटीत. रूपावलीपासून गजरापर्यंत रात्र चढत जाते, आणि नवी चाल बसवायची तर ती बुवांच्या ओटीवर, सर्वांच्या देखत बसते. जाखडीत तर आणखी मजा. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर, सवालाला जवाब द्यायचा, शाहीर स्वतःच्या हाताने गाणी बांधणार, आणि चाल परवाच्या सिनेमातली असली तरी कोणी भुवई उंचावणार नाही. जुन्या चालीवर नवं गाणं चढवायला आता मुंबईत ‘रीमिक्स’ म्हणतात आणि पैसे घेतात. आमच्याकडे त्यासाठी रात्रभर जागायचं आणि वर चहा पाजायचा.

लॅपटॉपचा विषय मंडळात काढला, तेव्हा बुवा म्हणाले, “यंत्राचं काय संगीत?” आणि हे बोलताना त्यांचा डावा हात पेटीच्या भात्यावर होता! पेटी तरी कुठली कोकणातली? तिचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली घेतलं. मूळचं ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हाताने भाता मारायची पेटी बनवली ती कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी. मग तिने इतकं घर केलं की शास्त्रीबुवांना धडकी भरली. बारा पक्के सूर, मींड नाही, श्रुती नाहीत, आंदोलन नाही! आकाशवाणीने १९४०मध्ये तिला दारं बंद केली आणि ती पुरती तीस वर्षं उघडली नाहीत. गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस त्याच पेटीतून गाणं बोलतं करत होता, तरीही. आमच्या देवळातल्या पेटीला मात्र या बंदीची नोटीस कोणी बजावली नाही, त्यामुळे ती वाजत राहिली.

तेव्हा लॅपटॉपलाही शंभर वर्षं द्यावीत असं माझं म्हणणं आहे. बारा पक्के सूर, हा त्याच्यावरचा आरोप नवा नाही. उलट त्यात एक चाक फिरवलं की सूर वाकवता येतो, म्हणजे मींडेच्या बाबतीत तो पेटीच्या पुढेच. दोष आहे तो दुसरीकडे. नवं गाणं उघडलं की बहुतेक सॉफ्टवेअर तुम्हाला न विचारता मिनिटाला १२० ठोके आणि चारचा ताल मांडून ठेवतात. तिथवर ठीक, आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, तो त्यात आरामात बसतो. पण ते १२० शेवटपर्यंत १२०च राहतात. शिवाय तुमचा एखादा ठोका केसभर मागे पडला की ‘क्वांटाइझ’ नावाचं बटण दाबायचं, की सगळे ठोके रेघेवर येऊन सावधानमध्ये उभे. ठेक्याची सगळी गंमत त्या केसभरात असते, हे त्या बटणाला कोण सांगणार?

एकदा आमचे मृदुंगमणी माळ्यावर आले. सत्तरी ओलांडलेले, बोटं अजून पोलादी. मी त्यांना हेडफोन लावून माझा गजर ऐकवला. माझ्या मते झकास जमला होता. त्यांनी मांडीवर ताल धरला. थोड्या वेळात त्यांची बोटं पुढे सरकू लागली, कारण गजर म्हटला की तो चढणारच. यंत्र जागचं हललं नाही. ते आणखी पुढे गेले. यंत्र मागेच. शेवटी त्यांनी हेडफोन काढले आणि संशयाने लॅपटॉपकडे पाहिलं.

“दमत कसा नाय हा?”

“यंत्र आहे, काका.”

“दमत नाय तर मग चढणार कसा?”

याला संगीतशास्त्रात काय उत्तर आहे, मला माहीत नाही. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला पुढच्या भजनात नीट दिसला. झांजवाला हात भरून आला म्हणून जरा घाई करतो, ते ऐकून मृदुंग पुढे जातो, बुवांचा दम संपत आलेला म्हणून तेही लवकर ओळ टाकतात, आणि या सगळ्या दमण्यातून गजर भडकतो. लय कोणी वाढवत नाही. ती एकमेकांच्या अंगावरून चढते. माळ्यावर मी एकटा. मृदुंग मीच, झांज मीच, कोरसात सात वेळा मीच. सातांपैकी एकही जण दुसऱ्याच्या आधी दमत नाही.

पण हौशी माणसाला उद्योग कमी नसतो. मी त्या रात्रीचं भजन मोबाइलवर टिपून आणलं, आणि आता माळ्यावर बसून त्या गजराची लय ओळीओळीला मोजतोय. सॉफ्टवेअरमध्ये लयीसाठी एक रेघ असते, ती हवी तशी वर ओढता येते. काकांच्या दमण्याचा नकाशा काढून तो यंत्राला शिकवायचा बेत आहे. अर्धी रेघ ओढून झाली तेव्हा काकांना पुन्हा बोलावून ऐकवलं. ते डोळे मिटून, मन लावून ऐकत होते. बराच वेळ मान हलली नाही म्हणून पाहिलं, तर झोप लागलेली.

जागे झाल्यावर म्हणाले, “हे माझ्या मोबाइलवर पाठव. दुपारचं बरं पडेल.”