नारळ फुटला, मैदान कधी?

आमच्या महाराष्ट्रात खेळाला स्थानिक स्वराज्य संस्थांचा भक्कम पाठिंबा आहे. खात्री नसेल तर कुठल्याही उद्यानातली ओपन जिम बघा. यंत्राचं पेडल निखळलेलं असेल, पण ‘यांच्या विकासनिधीतून, यांच्या शुभहस्ते’ हा फलक ठणठणीत असतो. फलकावर नाव, पद, हात जोडलेला फोटो. खेळाडूचा तेवढा नसतो. तो मतदार असेलच असं नाही ना.

मैदानांचंही तसंच. कुंपणाला निधी, प्रवेशद्वाराला निधी, प्रेक्षक गॅलरीला निधी. रोज पाणी मारणाऱ्या, रोलर फिरवणाऱ्या माणसाच्या पगाराचा विषय निघाला की फाइल लेखा विभागात विश्रांती घेते. साहजिकच आहे, देखभालीचं भूमिपूजन कसं करणार? आणि तालुका क्रीडा संकुल बांधून झालंच, तर ते शाबूत राहावं म्हणून त्याला कुलूप लावतात. हॉल लग्नाला मात्र मिळतो.

पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. बिचाऱ्यांनी फलकसुद्धा लावला नाही! पदक मात्र आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

यापुढे मत मागायला कुणी दारात आलं, की नवं मैदान मागू नका. जुन्या मैदानाची किल्ली कुणाकडे असते, तेवढं विचारा.