मशीन पोहोचले, आता पाणी पाठवा

मा. सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) प्रमुख साहेब,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई



मानखुर्दच्या आमच्या वस्तीला आपण दिलेले पाणी शुद्ध करण्याचे मशीन सुखरूप पोहोचले. नारळ फुटला, फीत कापली गेली, मशीनपेक्षा मोठ्या अक्षरांत कंपनीचे नावही झळकले. तक्रार काहीच नाही. वस्तीत नळजोडणी नाही, एवढी किरकोळ बाब फोटोच्या गडबडीत आपल्या नजरेतून सुटली, इतकेच. बाया अजूनही कॅनने पाणी विकत घेतात. ते आपल्या मशीनमध्ये ओतायचे की भात शिजवायचा, यावर वस्तीत खल चालू आहे.

नळ कसा मिळतो, ते आम्ही आपल्याकडे केलेल्या अर्जात लिहिले होते. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. पण निकाल लागला म्हणून पाइप टाकला जात नाही. घरांचे गट करायचे, प्रत्येकाचे आधार, रेशन कार्ड, वीजबिल गोळा करायचे, नावातली वेलांटी चुकली की पुन्हा झेरॉक्स काढायची, वॉर्ड ऑफिसात खेटे घालायचे, साहेब 'साइटवर' असले तर उद्या परत जायचे, शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. हे सगळे करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या ताईचे मानधन आणि बस-लोकलचे भाडे, एवढेच आम्ही मागितले होते. आपल्या कार्यालयाचा शेरा आला : 'यात दाखवण्यासारखे काय आहे?' खरेच आहे. खेट्यांची फीत कशी कापणार?

शिवाय आपण बजावलेत, 'पगारावर पाच टक्क्यांच्या वर नको, कायदा आहे.' साहेब, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात धरत नाहीत. आपल्या मापाचा सदरा आपण मोठ्या मनाने आमच्या अंगात घातलात. २०१३ च्या ज्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढायला लावले, त्याच्याच सातव्या अनुसूचीत मागास घटकांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करण्याचे उपायही येतात. आपल्या प्रतीत तेवढे पान चिकटलेले असावे.

वक्तशीरपणाबद्दल मात्र आपले कौतुक केलेच पाहिजे. वर्षभर मेलला उत्तर नाही, पण मार्च उजाडला की फोनवर फोन : 'अमुक इतके उरलेत, एकतीसच्या आत खर्च करा, फोटो पाठवा, लाभार्थी किती ते कळवा.' दोन आठवड्यांत सामाजिक न्याय आणायचा, तोही जीएसटी बिलासकट! शिलाई यंत्रे तेवढ्यात येतात. पोलिस चौकीत बाईची तक्रार नोंदवून घ्यायला लावणारी कार्यकर्ती घडायला वर्षे लागतात, आणि तिचे कोटेशन मागवता येत नाही.

तरी एक सोयीचा प्रस्ताव ठेवतो. ताईचा तीन वर्षांचा पगार द्या, मध्येच हात आखडता घेऊ नका. तिच्या टी-शर्टवर पुढे-मागे आपला लोगो आम्ही आनंदाने छापू. वॉर्ड ऑफिसातला साहेब कंपनीचे नाव पाहून तरी खुर्चीवर सापडेल.

कळावे, लोभ असावा.

आपल्या तक्त्यातला,
एक लाभार्थी