चालेल का, हे आधी विचारायचं

"मावशी, काल सिव्हिलमध्ये केसपेपरच्या रांगेत कुणा बाईचा हात धरून डोळे मिटून उभ्या होतात म्हणे?"

"आलं का कुंपणापर्यंत! कुणी सांगितलं?"

"आमच्या जाऊबाईच मागे होत्या. म्हणाल्या, तुमच्या ख्रिश्चन मावशींनी रांग अडवली."

"अडवली कसली, खिडकीच बंद होती. पाथर्डीकडची बाई. नवऱ्याचं ऑपरेशन, सोबत कुणी नाही, नुसती रडत होती. म्हटलं, 'बाई, मी ख्रिस्ती आहे. तुमच्या मालकांसाठी येशूच्या नावानं प्रार्थना करते, चालेल का?' ती म्हणाली, 'करा की, देव कुणाचाबी असू द्या.' दोन वाक्यं आणि आमेन. तेवढ्यात खिडकी उघडली पण."

"राग मानू नका हं, पण लोकांना लगेच वास येतो. आज प्रार्थना, उद्या पुस्तक, परवा बाप्तिस्मा. आपल्या ना. वा. टिळकांचं बघा ना. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले, गाडीत एक अनोळखी साहेब भेटला, त्यानं नवा करार हातात ठेवला आणि १८९५ ला टिळक ख्रिस्ती!"

"मधली दोन वर्षं कुठं गिळलीत, वहिनी? टिळकांनी वाचलं, शंका काढल्या, पत्रं लिहिली. आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांनी आपली पाच वर्षं घेतलीच की. गाडीत ऐसपैस बसलेल्या पंडिताला पुस्तक देणं निराळं. आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाचं मन आधीच हळवं झालेलं असतं. तिथं पुस्तक कोंबायचं नसतं."

"मग घरी येऊन करा ना प्रार्थना. देवाला काय, इथूनही ऐकू जातं."

"बरोबर पकडलंत! येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात हेच बजावलंय. लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा. म्हणून मी आवाज चढवत नाही. शेजारच्या माणसालाही कळता कामा नये."

"आमच्या जाऊबाईंना कळलं!"

"त्यांचे कान कुणाला चुकलेत! पण खरं सांगू? घरी केलेली प्रार्थना देवाला कळते, त्या बाईला नाही. आपल्यासाठी कुणी मागतंय, हे तिच्या कानावर पडलं की तिला धीर येतो."

"आणि कुणी नको म्हटलं तर?"

"म्हणतात ना! एक आजी म्हणाल्या, 'नको, माझा जप चाललाय.' बरं म्हटलं, त्यांची पिशवी सांभाळत शेजारी बसले. एसटीत तर एकदा मी शेजारणीसाठी डोळे मिटले, तर कंडक्टर म्हणतो, 'मावशी, झोपू नका, सुट्टे काढा!'"

"अगं बाई!"

"खरा त्रास आमच्याच काही उत्साही पोरांचा. एकानं वॉर्डात जाऊन मोठमोठ्यानं प्रार्थना केली आणि पेशंटला सांगून टाकलं, 'ताई, तुम्ही बऱ्या झालात!' त्या बाईनं गोळ्या बंद केल्या असत्या म्हणजे? मी त्याला बाहेर काढून चांगलं झापलं. आपण मागायचं, निकाल जाहीर करायचा नाही. आणि ते 'तारण', 'अभिषेक' असले उपासनेतले शब्द तिथं कशाला? कशासाठी मागू, असं विचारायचं. ती म्हणाली 'पोराला नोकरी लागू दे,' तर नोकरीच मागायची."

"म्हणजे प्रार्थना झाली की तुमचं काम संपलं?"

"छे! तिथून तर सुरू होतं. लूकच्या शुभवर्तमानातला तो चांगला शोमरोनी आठवा. वाटेत लुटलेला, जखमी माणूस दिसला, तर त्यानं तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, वर उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले. त्यानं प्रार्थना केली असं त्या गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाही. याकोबाच्या पत्रात तर सरळ खडसावलंय. उघड्या-उपाशी माणसाला 'सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा' असं नुसतं म्हणून काय उपयोग?"

"मग पाथर्डीच्या बाईचं काय केलंत?"

"तिचा फॉर्म भरून दिला. रक्ताची बाटली कुठं मिळते ते दाखवलं. दुपारी डबा नेला. नवरा शुद्धीवर आलाय."

"आणि फोन नंबर घेतलात?"

"नाही. तिला लागला तर ती मागेल."

"हे मात्र पटलं, मावशी. आधी विचारायचं, थोडक्यात आटपायचं आणि मग डबा न्यायचा. अशी प्रार्थना कुणीही, कुणासाठीही करावी. आमच्या जाऊबाईंना मी आजच सांगते."

"सांगा. आणि उद्याच्या डब्याला चार भाकऱ्या तुमच्याकडून!"