नाकाचं नाव न घेता

इंग्रजीतला ‘हँडकरचीफ’ हा शब्द उसवायला घेतला की तीन तुकडे हाती येतात. ‘हँड’ म्हणजे हात, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. ‘कर’ हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘झाकणे’ या क्रियापदाचा झिजून उरलेला अवशेष. ‘कव्हर’ त्याच घराण्यातला. आणि ‘चीफ’ म्हणजे डोकं. खात्याच्या चीफला आपण चीफ म्हणतो ते तो खात्याचं डोकं म्हणून, त्याला डोकं असतं म्हणून नव्हे. सगळं जोडलं की अर्थ निघतो, हातातलं डोकं-झाकणं. पुढे ते खिशात गेलं आणि ‘पॉकेट हँडकरचीफ’ झालं. काहींनी गळ्यात बांधलं, त्याचं ‘नेक हँडकरचीफ’ झालं. हात, डोकं, गळा, सगळ्यांनी हजेरी लावली. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या नाकाचं नाव मात्र कुठेच नाही.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर दरबारात फ्रेंच भाषा आली. बायका डोक्याला जे फडकं गुंडाळत त्याचं फ्रेंच नाव इंग्रजी तोंडात घोळून घोळून ‘करचीफ’ झालं. त्याचं सख्खं भावंड म्हणजे आपल्या चांगल्याच ओळखीचा ‘कर्फ्यू’. तिथे झाकायचं ते डोकं नव्हे, विस्तव. संध्याकाळी घंटा वाजली की चुलीतले निखारे राखेखाली झाकून टाकायचे, कारण घरं लाकडाची आणि छपरं गवताची. आता कर्फ्यूत माणसांना घरात झाकतात आणि विस्तव रस्त्यावर असतो, एवढाच फरक.

नाक पुसायच्या फडक्याची एक जुनी नोंद दुसऱ्या रिचर्ड राजाच्या हिशेबात आहे. हा राजा 1377 ते 1399 या काळात गादीवर होता. नोंद लॅटिनमधली. त्या कारकुनापाशी या वस्तूला नाव नव्हतं, म्हणून बिचाऱ्याने सरळ काम लिहून टाकलं: महाराजांनी हाती धरून नाक पुसावं आणि साफ करावं, यासाठी केलेले कापडाचे छोटे तुकडे. या अनामिक कारकुनाबद्दल मला फार आदर वाटतो. खर्च कशावर झाला हे त्याच्याइतकं स्वच्छ लिहिणारे हिशेबनीस नंतर फारसे झाले नसावेत. सोळाव्या शतकात ‘हँडकरचीफ’ हा भारदस्त शब्द आला आणि नाक कागदोपत्री गायब झालं.

आता स्पेलिंग. त्यात ‘डी’ आहे, पण बोलताना तो गिळायचा असतो. एन, डी, के अशी तीन व्यंजनं ओळीने उभी करून मधल्याला गप्प बसवायचं, ही खास इंग्रजी शिस्त. आपल्याकडची मुलं ‘हँड-कर-चीफ’ असा एकेका अक्षराला न्याय देत उच्चार करतात, आणि शिकलेली मंडळी हसतात. हसू नये. लिहिलंय ते वाचणं हा काही गुन्हा नाही. बरं, ‘डी’ गेल्यावर उरलेला ‘न’ पुढच्या ‘क’ला टेकून ‘ङ’ होतो. हा नियम आपल्या व्याकरणाने केव्हाच बांधून ठेवला आहे. ‘अंक’ म्हणताना आपण तेच करतो, म्हणून तर एका टिंबात काम भागतं. इंग्रज बिचारा परसवर्ण पाळतो आणि त्याला पत्ताही नसतो. शेवटच्या ‘चीफ’चाही तो ‘चिफ’ करतो. शेक्सपिअरच्या काळात तर पुष्कळ लोक ‘हँडकर्चर’ म्हणत, आणि त्याच्या जुन्या छापील प्रतींतही ते रूप सापडतं. म्हणजे डोकं शब्दातूनही निसटायला आलंच होतं. स्पेलिंगने त्याला धरून ठेवलं.

शेक्सपिअरचं नाव निघालं की ‘ऑथेल्लो’कडे यावंच लागतं. स्ट्रॉबेरीची नक्षी काढलेला एक हातरुमाल पडतो, भलत्याच्या हाती लागतो आणि एका निरपराध बाईचा जीव जातो. टॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने 1693 मध्ये या नाटकाची यथेच्छ टर उडवली. एवढ्याशा फडक्यावरून एवढा आकांत, तर नाटकाला सरळ रुमालाची शोकांतिका असं नाव का दिलं नाही, हा त्याचा सवाल. खवचट आहे, पण अगदीच चुकीचा नाही.

खरी पंचाईत फ्रान्समध्ये झाली. फ्रेंचांनी ‘डोकं-झाकणं’ हा शब्द इंग्रजांना दिला आणि स्वतः नाक शिंकरण्याच्या क्रियापदावरून ‘मुशवार’ असा रोखठोक शब्द ठेवला. घरात तो चालत होता. पण शोकांतिकेच्या उदात्त काव्यात नाक शिंकरायचं फडकं कसं आणायचं? 1792 मध्ये द्युसीने ‘ऑथेल्लो’ फ्रेंच रंगभूमीवर आणला तेव्हा रुमालाची हकालपट्टी करून तिथे डोक्याला बांधायची रत्नजडित पट्टी घातली. म्हणजे गंमत पाहा, हातातली वस्तू पुन्हा डोक्यावर जाऊन बसली. 1829 मध्ये आल्फ्रेड द व्हिन्यीच्या भाषांतरात मात्र नटांनी रंगमंचावर ‘मुशवार’ असं स्पष्ट म्हटलं आणि प्रेक्षागृहात गदारोळ झाला. खून चालतो, शिंकरणं चालत नाही.

ऑथेल्लोचं मराठी रूप म्हणजे देवलांचं ‘झुंझारराव’, 1890 चं. मराठी नाटककाराला ही अडचण यायचं कारण नव्हतं. ‘रुमाल’ हा शब्द फारसीतून येऊन इथे केव्हाच मुरला होता, आणि त्यातही नाक नाही. ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारं. आपण त्याच्यामागे ‘हात’ जोडला आणि हातरुमाल केला, हातातलं तोंड-पुसणं. इंग्रजांच्या जोडशब्दाला हसायचा आपला हक्क इथेच संपतो. मराठवाड्यातली ‘दस्ती’ त्यातल्या त्यात आटोपशीर. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात, बाकी समजून घ्या.

इंग्रजी शब्द डोक्यावरून हातात उतरला, आपला रुमाल चेहऱ्यावरून डोक्यावर चढला. जुन्या फोटोंतले आजोबा-पणजोबा रुमाल बांधून बसलेले दिसतात, तो हाच. तिथून तो सरकारी नोकरीत गेला. पेशवे दप्तरातले कागद ज्या कापडात बांधत तो रुमाल, आणि पुढे त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. अभ्यासक पुण्याच्या पुराभिलेखागारात अमुक क्रमांकाचा रुमाल मागतात तेव्हा त्यांना सर्दी झालेली नसते. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. मुलांच्या खेळात मामाचं पत्र हरवतं, ते पत्रही रुमालच. आणि एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून जो सीटवर पडतो, तो रुमाल सातबाराच्या तोडीचा दस्तऐवज असतो. समोर उभा असलेला जिवंत माणूस त्याच्यापुढे हरतो. मूळ मालक मागाहून, पिशव्या सावरत, सावकाश येतो.

एवढ्या जबाबदाऱ्या अंगावर आल्यावर नाकाकडे बघायला रुमालाला वेळ कुठला! ते काम आता कागदाकडे गेलं आहे. अमेरिकेत 1924 मध्ये ‘क्लीनेक्स’ बाजारात आला तो बायकांनी चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसावं म्हणून. फारसीच्या हिशेबाने शुद्ध रुमाल. गिऱ्हाइकांनी त्यात नाक शिंकरायला सुरुवात केली आणि कंपनीने निमूटपणे जाहिरात बदलली. या कागदाला आता सगळे टिश्यू म्हणतात. हा शब्दही जुन्या फ्रेंचमधलाच, आणि त्याचा मूळ अर्थ आहे विणलेलं कापड.